बत्तीस अंश

१

सकाळी सात वाजता डेरिक ऑल्डरशॉ चहाचा मग घेऊन वरच्या मागच्या खोलीत जायचा, आणि त्याची बायको ग्लेनिस खालून ओरडायची, "तुझ्या लेकरांना माझा नमस्कार सांग!" उत्तर इंग्लंडातल्या बार्न्सलीत, त्या अरुंद, विटांच्या घरात हा कार्यक्रम कित्येक वर्षं बिनचूक चालू होता. लेकरं म्हणजे साप. मुलगा लग्न करून बाहेर पडला, तशी डेरिकनं त्याची खोली बळकावली. जन्मभर लोकांच्या स्वयंपाकघरांत कपाटं बसवणाऱ्या या माणसानं स्वतःच्या हौसेसाठी एकच कपाट केलं, आणि ते सापांचं केलं. ग्लेनिसचं स्वयंपाकघर मात्र अजून तसंच पडलं होतं. तो वेगळा विषय.

कपाट होतं सात खणांचं. एकेका खणात एकेक प्लॅस्टिकचा डबा, इतका नेमका बसणारा की वरची फळी हेच त्याचं झाकण. प्रत्येक खणाच्या मागच्या कडेला उबेची चपटी पट्टी. सापाला स्वतःची ऊब नसते, आपण देऊ तेवढीच त्याची. म्हणून मागं बत्तीस अंश, पुढं गारवा, आणि मधे सापानं आपल्या मर्जीनं सरकत राहायचं. हे सांभाळायला थर्मोस्टॅट. त्याच्या तारेच्या टोकाला काळा मणी असतो, तो पट्टीवर चिकटवायचा. मणी गार पडला की पट्टी सुरू होते, मणी तापला की बंद. थर्मोस्टॅट बापडा मण्याच्या शब्दावर चालतो, स्वतः काही बघत नाही.

त्या गुरुवारी सकाळी डेरिकनं सातही आकडे वाचले. सगळं ठीक होतं. सवयीनं तो खाली वाकला आणि सगळ्यात खालच्या, मागाहून जोडलेल्या आठव्या खणाच्या फळीला त्यानं हात लावला.

फळी ऊबदार होती.

आठव्या खणाची वायर त्यानं तीन आठवड्यांपूर्वी उपटली होती. थर्मोस्टॅट काढून माळ्यावर टाकला होता. प्लग तिथंच जमिनीवर पडला होता, त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर. वरच्या खणाची ऊब उतरली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग सातव्या खणाच्या फळीला हात लावला, ती गार होती. तसं पाहिलं तर ऊब वर चढते, खाली उतरत नाही, हे तो सापवाल्यांच्या मंडळातल्या नवशिक्यांना दर महिन्याला शिकवायचा. त्यानं खण उघडला नाही. चहा तसाच घेऊन तो खाली आला आणि मोरीत ओतला.

"गार झाला होता?" ग्लेनिसनं विचारलं.

"हो," डेरिक म्हणाला.

२

आठवा खण मेबलसाठी होता, आणि मेबल होती विल्फची.

विल्फ पिकरसगिल हा डेरिकचा सुतारकामाच्या कारखान्यातला जुना मुकादम. वय एकोणऐंशी. डोळ्यांनी उजेड आणि सावली तेवढी कळायची. सोळाव्या वर्षी डेरिकच्या हातात रंधा त्यानं दिला होता, आणि पुढं सापाचं वेडही त्यानंच लावलं. मेबल मूळची विल्फच्या बायकोची, ईनिडची. आफ्रिकेकडचा छोटा अजगर, हाताएवढा लांब, मनगटाएवढा जाड, घाबरला की चेंडूसारखा गोळा होणारा. ईनिडला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मेबल एकतीस वर्षांची होती आणि विल्फच्या घरात आता त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

जानेवारीत दारातल्या बर्फावरून विल्फ घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवर झोपून त्यानं आधी दवाखान्याचं नाव विचारलं नाही. "डेरिकला बोलवा," म्हणाला. डेरिक आला. "पोरा, तिला तुझ्याकडे ने. दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही मी."

डेरिक तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता, तरी त्या 'पोरा'नं त्याची छाती फुगली. दोन दिवसांत त्यानं आठवा खण तयार केला. सुंदर केला. फक्त एक गोष्ट राहिली. सापवाल्यांच्या मंडळात डेरिक नेहमी टेबलावर बोट आपटून सांगायचा की एका मण्यावर जीव टांगायचा नाही, पहिला थर्मोस्टॅट चुकला तर वीज तोडायला दुसरा हवाच. मेबलच्या खणाला त्यानं एकच लावला. दुसरा पुढच्या आठवड्यात लावू म्हणाला.

त्या शुक्रवारी त्यांना मुलाकडे स्कारबरोला जायचं होतं, नातीचा वाढदिवस होता. निघण्याआधी डेरिकनं आठवा खण पुसून घेतला. मणी ओला होऊ नये म्हणून काढून खिडकीच्या कडीला अडकवला. खाली ग्लेनिस गाडीत बसून भोंगा वाजवत होती. त्यानं मेबलला परत ठेवलं, खण लोटला, आणि जाता जाता थर्मोस्टॅटकडे पाहिलं. आकडा होता चौदा.

'म्हातारी गारठली की,' असं त्याच्या मनात आलं. आणि त्यानं स्वतःच्या हातानं ऊब वाढवायचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

रविवारी संध्याकाळी ते परतले तेव्हाही आकडा चौदाच होता. मणी खिडकीच्या कडीला लटकत होता आणि बाहेरच्या थंडीची बातमी इमानेइतबारे देत होता. खणात काय होतं ते डेरिकनं एकदाच पाहिलं. मेबल मागच्या पट्टीपासून जेवढं दूर जाता येईल तेवढी दूर, पुढच्या कडेला आली होती. नाक फटीत घातलेलं होतं. पोटाखाली तपकिरी पट्टे उमटले होते, इस्त्री कापडावर विसरली की उमटतात तसे.

मागचं अंगण फरशीचं. बागेत पुरायचं तर जमीन गोठलेली. हे सगळं खरं होतं, पण ही कारणं त्यानं नंतर शोधली. त्या वेळी त्यानं तिला वर्तमानपत्रात गुंडाळलं, काळ्या पिशवीत घातलं, आणि नगरपालिकेच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मंगळवारी सकाळी गाडी आली. डेरिक पडद्याआड उभा राहून बघत होता. आपण किती हलक्या प्रतीचा माणूस आहोत, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ग्लेनिसलाही त्यानं सांगितलं नाही. ती त्या खोलीत कधी पाऊल टाकायची नाही, त्यामुळे तिच्या लेखी पाहुणी अजून आठव्या खणातच होती.

३

विल्फ रोज संध्याकाळी सहाला दवाखान्यातून फोन करायचा. पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. पहिल्या दिवशी विल्फला शस्त्रक्रियेनंतरचा ताप होता, म्हणून नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवशीचं खोटं मधे आलं. त्यानंतर मोजदाद सुटली.

"कशी आहे?"

"बरी आहे."

"ऊब आहे ना तिला? थंडी फार पडलीय म्हणतात."

"आहे की. अगदी बत्तीस," डेरिक म्हणाला होता. तो बुधवार होता. गुरुवारी सकाळी फळी ऊबदार लागली.

शनिवारी डेरिकनं बंदुकीसारखा दिसणारा तापमापक आणला. लांबून रोखायचा आणि घोडा दाबायचा की आकडा येतो. त्यानं तो आठव्या खणावर रोखला. बत्तीस. भिंतीवर रोखला, पंधरा. स्वतःच्या हातावर रोखला, एकतीस. यंत्र बिघडलेलं नव्हतं. डेरिकनं मग खण ओढला. आत कोरा कागद, कोरडं पाण्याचं भांडं, आणि तोंडावर येणारी ऊब. दुसरं काही नव्हतं. त्यानं कागद उचलून खाली पाहिलं, मागची पट्टी चाचपली. पट्टी बर्फासारखी गार होती. पुढची कडा तेवढी गरम होती, जिथं मेबलचं नाक टेकलेलं होतं तिथं.

'भिंतीतून गरम पाण्याचा नळ जात असेल,' त्यानं ठरवलं. ही भिंत त्यानं स्वतः उघडून पुन्हा बांधली होती. तिच्यात नळ नव्हता.

त्या दिवशी जेवताना ग्लेनिस म्हणाली, "तुझी पाहुणी अस्वस्थ दिसते रे. दुपारी मी इस्त्री करत होते, तर वर सारखं घासल्याचा आवाज. खस, खस. थांबायची, परत सुरू."

"कुठली पाहुणी?"

"अरे वा! दुसरी कुणी ठेवलीयस का वर? मेबल रे." ती हसली. "कात टाकायची असेल. विल्फ म्हणायचा ना, कात टाकायच्या आधी नाक घासतात म्हणून."

डेरिकनं मान डोलावली. ताटातले वाटाणे तो एकेक करून बाजूला सारत राहिला.

सहाला फोन वाजला.

"ग्लेनिसशी बोललो मी दुपारी," विल्फ म्हणाला. "नाक घासतेय म्हणे. टाकली का कात?"

नाही म्हणायचं. एवढंच म्हणायचं, मग पुढचं आपोआप येईल, असं डेरिकला वाटलं. पण पलीकडे विल्फचा श्वास ऐकू येत होता, उत्सुक, एखाद्या लहान मुलासारखा.

"टाकली," डेरिक म्हणाला. "आत्ताच. अखंड निघाली, नाकापासून शेपटीपर्यंत."

"शाबास! ती कात टाकू नकोस हं. इकडे आण. हातानं बघतो मी."

रविवारी सकाळी आठव्या खणात कात होती.

४

डेरिकनं ती खिडकीच्या उजेडात धरली. पातळ, ओलसर, अखंड. पाठीवरच्या नक्षीची फिकट सावली तिच्यात होती, डोळ्यांवरचे दोन गोल टिपकेही होते. पोटाच्या बाजूनं ओळीनं तपकिरी पट्टे होते.

त्यानं खूप विचार केला. ग्लेनिसला सगळं कळलंय आणि ती आपल्याला लाजवण्यासाठी हा खेळ करतेय, असं त्यानं मानून पाहिलं. मग त्याला आठवलं की ग्लेनिस सापाच्या चित्रावरूनही पान उलटते. मंडळातल्या कुणीतरी किल्ली मिळवली असेल. पण पट्टे? पट्टे फक्त त्यानं पाहिले होते. दुपारपर्यंत त्याच्याकडे एकही कारण उरलं नाही, आणि लाज मात्र होती तेवढीच होती. भीतीपेक्षाही त्याला लाजच जास्त वाटत होती. आपण जे जे खोटं बोलतो ते कुणीतरी वर बसून निमूटपणे खरं करून देतंय, आपली अब्रू राखतंय, आणि ते कुणी करावं, तर तिनं.

सोमवारी तो कात पाकिटात घालून दवाखान्यात गेला. सांगूनच टाकायचं, असं बसमध्ये चार वेळा ठरवलं. वाक्यही तयार केलं.

"हाच तो," विल्फनं पलंगाजवळच्या नर्सला सांगितलं. "मी म्हणालो होतो ना? माझ्या हाताखाली शिकलेला. माझ्या बायकोची अजगरीण याच्याकडे आहे. जगात दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी असा निवांत पडलो नसतो."

"बाई गं, साप!" नर्स म्हणाली. "नशीबवान आहात आजोबा, असा मित्र मिळाला."

डेरिकनं तयार केलेलं वाक्य उच्चारलं नाही, पाकीट तेवढं विल्फच्या हातात दिलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते त्याला आज समजलं.

विल्फनं कात मांडीवर पसरली आणि नाकापासून बोटं फिरवायला सुरुवात केली. कारखान्यात तो असाच फळीवर हात फिरवायचा, केसाएवढा उंचवटा असेल तरी सापडायचा. "ही मान... ही जुनी खूण, ईनिडच्या वेळची... वा." बोटं पोटाच्या बाजूला वळली आणि थांबली. मागं गेली, पुन्हा पुढं आली.

"इथं काय झालंय रे?"

"कुठं?"

"इथं. कडक आहे. करपल्यासारखं."

"वाळली असेल," डेरिक म्हणाला. "बसमध्ये हीटर होता."

विल्फनं कात नीट घडी करून उशीखाली ठेवली.

"रविवारी सोडतायत मला," तो म्हणाला. "आधी तुझ्याकडेच येतो. तिला भेटतो, मग घरी. येईल ना ती माझ्याकडे? विसरली नसेल?"

"येईल की," डेरिक म्हणाला. "हात पुढं केलास की येईल."

हे शब्द तोंडातून निघाल्यावर त्याला आठवलं, कातही अशीच त्याच्या एका शब्दानं आली होती.

त्या आठवड्यात तो रोज तापमापक रोखत राहिला. मंगळवारी छत्तीस. गुरुवारी एक्केचाळीस. शनिवारी त्यानं आकडा पाहिलाच नाही, कारण पुढच्या फळीचा रंग फुगून वर आला होता.

५

रविवारी दुपारी ग्लेनिसनं विल्फला गाडीतून आणलं आणि स्वतः चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. विल्फ काठी टेकत एकेक पायरी चढू लागला. डेरिक त्याच्या मागं होता, हात पुढं धरून.

"विल्फ, थांब जरा. मला काहीतरी सांगायचंय."

"वर गेल्यावर सांग. मधे थांबलो तर परत पाय उचलणार नाही."

वरच्या खोलीत डेरिकनं त्याला खुर्चीत बसवलं. विल्फनं नाक वर करून वास घेतला. "भुसा नेहमीचाच. पण जळकट काहीतरी येतंय."

"रंग आहे."

"असेल. दे तिला. मला वाकता येणार नाही, डबाच मांडीवर ठेव."

डेरिक खाली बसला. तेव्हा त्याच्या मनात एक भित्रा विचार आला, आणि त्या विचारानं त्याला हायसंही वाटलं. डबा रिकामा आहे. विल्फ हात घालेल, चाचपेल, त्याला कळेल. आपल्याला बोलावं लागणारच नाही. एवढ्या सगळ्यानंतरही तो बोलणं टाळायचीच वाट शोधत होता.

टॉवेलनं धरून त्यानं डबा ओढला. आत कोरा कागद होता आणि काही नव्हतं. त्यानं तो टॉवेलसकट विल्फच्या मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली.

विल्फनं हात आत घातला. तळवा वर करून कागदावर टेकवला आणि वाट पाहिली. खाली किटली शिट्टी देऊ लागली, मग थांबली.

"आली," विल्फ म्हणाला.

डेरिकनं वर पाहिलं. डब्यात काही नव्हतं. विल्फच्या जाड लोकरी बाहीवर, मनगटाशी, एक सुरकुती पडली होती. ती सुरकुती आवळली, गोल फिरली. तिच्यावर दुसरी पडली. मग कोपराखाली तिसरी. म्हातारा हात वजनानं थोडा खाली गेला, जसा मेबल चढली की नेहमी जायचा.

"कशी आहेस गं?" विल्फ म्हणाला. "भारी झालीस. फार वाट बघायला लावली ना?" त्याचं बोट हवेतल्या कशावर तरी हळूच फिरत होतं. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पोरा, जरा जास्तच गरम आहे ना ही?"

मनगटाशी, बाहीच्या खाली, विल्फच्या पांढऱ्या कातडीवर लाल पट्टा उमटत होता. लोकर करपल्याचा वास आला. विल्फनं ओठ आवळले, पण हात काढला नाही.

"टाक ते!" डेरिक ओरडला. "विल्फ, हात काढ! ती नाहीये ती. मेबल मेली. तुला दवाखान्यात टाकल्याला दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. मणी खिडकीला अडकवला मी आणि विसरलो. वर बटणही फिरवलं, माझ्या हातानं, पूर्ण. दोन दिवस भाजत होती ती. आणि मी तिला पुरलंसुद्धा नाही. कचऱ्यात टाकलं. कचऱ्यात, विल्फ!" त्याला रडू फुटलं. एकसष्ट वर्षांचा माणूस जमिनीवर बसून नाक पुसत होता, आणि त्याला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

विल्फ शांत होता. त्याचे पांढुरके डोळे डेरिकच्या डोक्यावरून भिंतीकडे लागले होते. पट्टा आता कोपराकडे चढत होता, आणि त्याचं बोट अजून त्याच गतीनं, त्याच मायेनं फिरत होतं.

"कात हाताला लागली तेव्हाच कळलं मला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हळू बोल, पोरा. तिला अजून कळलेलं नाही."

डेरिकनं तोंडावर हात धरला.

"ती समजते ऊब आहे म्हणून," विल्फ म्हणाला. "तू रोज सांगायचास ना, बत्तीस, बत्तीस." त्याचा आवाज थरथरला. वेदनेनं की कशानं, ते डेरिकला ओळखता येईना. "मला फार वेळ धरवणार नाही आता. माझी कातडी म्हाताऱ्याची. तू घे."

त्यानं हात सावकाश पुढं केला. बाहीवरच्या सुरकुत्या एकेक करून सैल होऊ लागल्या, कोपराकडून मनगटाकडे, आणि हवेत, डेरिकच्या चेहऱ्यासमोर, इस्त्रीची असते तशी झळ येऊन थांबली. चहाचा ट्रे घेऊन ग्लेनिस जिन्याची पहिली पायरी चढली होती.

डेरिकनं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि हात पुढं केले.